डबीतलं सेलेनियम आणि थायरॉइडचे डोळे

थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेल्या माणसाला न तपासता सेलेनियमची डबी खपवणं ही लूट आहे. तिला लूट म्हणायला कुणी तयार नाही, याची मला चीड येते. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या तिठ्यावर कोल्हापूरला तपासणीसाठी निघालेली माणसं भेटतात. डोळे लाल, पापण्या वर ओढलेल्या, पाणी थांबत नाही. पिशवीत फाइल आणि फाइलीसोबत ती डबी. कुणी दिली? दुकानदाराने. नाहीतर मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली. "थायरॉइडला चांगली असते म्हणे." थायरॉइड कमी असो, जास्त असो, डोळ्यांना काही झालेलं असो वा नसो, सगळ्यांना तीच डबी.

या गोळीमागे पुरावा आहे, तो मी नाकारत नाही. 2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युरोपातल्या डॉक्टरांची चाचणी आली. रुग्ण 159, सगळ्यांचा डोळ्यांचा आजार सौम्य आणि दीड वर्षाच्या आतला. त्यांतल्या एका गटाला 100 मायक्रोग्रॅम सोडियम सेलेनाइट दिवसातून दोनदा, सहा महिने दिलं. त्यांचा त्रास कमी झाला, आजार बळावण्याचं प्रमाणही घटलं. पण ही बहुतेक माणसं जिथल्या अन्नात सेलेनियम थोडं कमी पडतं अशा भागातली होती, आणि त्यांच्या रक्तातलं सेलेनियम मोजलंच नव्हतं. मग बांगडा-तारली जेवणाऱ्या रत्नागिरीकराला हाच हिशेब कोणत्या आधारावर लावता? मासळीत सेलेनियम भरपूर असतं. युरोपातल्या तज्ज्ञांची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा एवढंच सांगतात: सौम्य, नुकताच सुरू झालेला आजार, आणि मुदत सहा महिने. जन्मभर घ्या असं त्यांत कुठेही नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय होत नाही" हे वाक्य तर मला ऐकवत नाही. 2024 च्या डिसेंबरअखेरीस बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. विंचूदंशावरच्या कामामुळे कोकणाला घरचे वाटणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. त्यांनी रुग्णांचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर बोट ठेवलं. पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूरकडच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं ठाऊक आहे. शरीराला ते लागतं चिमूटभरसुद्धा नाही. भारतीय प्रौढाला दिवसाला 40 मायक्रोग्रॅमची शिफारस आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये वरची मर्यादा 255 मायक्रोग्रॅमवर आणली. आता 200 ची गोळी, त्यावर मल्टिव्हिटॅमिन, त्यावर कुणी सुचवलेले ब्राझील नट आणि रोजचं जेवण यांची बेरीज करा. केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. केस गळणं थायरॉइडच्या आजारातही असतंच, म्हणून रुग्णाला वाटतं आजार वाढला, आणि तो आणखी एक गोळी घेतो.

या गोंधळात सिगारेट आणि विडी मोकळी सुटते. या आजाराचं धूम्रपानाइतकं मोठं, आपल्या हातात असलेलं कारण दुसरं नाही. ते सोडायला सांगून दुकानदाराला काही मिळत नाही, डबी विकून मिळतं. थायरॉइडची पातळी आटोक्यात ठेवणं, कोरड्या डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घालणं, या साध्या गोष्टी मागे पडतात.

औषध दुकानदारांना माझं सांगणं आहे: चिठ्ठीशिवाय ही डबी थायरॉइडच्या रुग्णाच्या हातात देऊ नका. डॉक्टरांनो, लिहून देताना किती महिने घ्यायची तेही लिहा. आणि ज्यांचे डोळे पुढे आलेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, रंग फिके वाटू लागले, नजर कमी झाली किंवा पापणी पूर्ण मिटेना, तर गोळीचा असर व्हायची वाट पाहू नका. डोळ्याची नस दबत असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.