मसाई गावाचे पाणी कोणाचे?

पूर्व आफ्रिकेतील एखाद्या मसाई गावाला पाणी मिळाल्याची बातमी बहुधा एकाच साच्यातून निघालेली असते. परदेशातील दानशूर संस्था विंधनविहीर खोदते, तिच्यावर पंप बसतो, लाल वस्त्रे पांघरलेले वृद्ध आणि मण्यांचे अलंकार घातलेल्या स्त्रिया पाण्याच्या पहिल्या धारेभोवती उभ्या राहतात आणि छायाचित्र निघते. तीन-चार वर्षांनी त्याच पंपाचा दांडा गंजून लोंबकळत असतो, पण तेव्हा छायाचित्रकार तेथे नसतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही दिवशी सुमारे एक-तृतीयांश हातपंप बंद पडलेले असतात, असा अंदाज या विषयातील जाणकार अनेक वर्षे मांडत आले आहेत. दात्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, एवढा पैसा आणि एवढी सहानुभूती खर्ची पडूनही मसाई स्त्रीच्या पाठीवरचे पाण्याचे ओझे का उतरत नाही?

मसाईंचा मुलूख मुळातच रखरखीत, तेथे पाणी यावे कोठून, असा समज या बातम्यांतून पसरतो. तो इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नैवाशाच्या गोड्या सरोवराचे काठ मसाईंच्या कळपांना मोकळे होते. लाइकिपिया पठारावरील ओढे आणि झरे मोकळे होते. पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर चरावे आणि कोरड्या मोसमात बारमाही पाण्याकडे सरकावे, हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १९०१ साली पोचली आणि तिचा खर्च भरून निघावा म्हणून गोऱ्या मळेवाल्यांना जमीन देण्याचे धोरण आले. १९०४ च्या कराराने रिफ्ट खोऱ्यातील राने मसाईंकडून काढून घेण्यात आली आणि त्यांना उत्तरेस लाइकिपिया व दक्षिणेस आणखी एक असे दोन राखीव प्रदेश देण्यात आले. मसाई जमात अस्तित्वात असेतोवर ही व्यवस्था टिकेल, असे त्या करारात लिहिले होते. ती सात वर्षे टिकली. १९११ च्या दुसऱ्या कराराने लाइकिपियाही गेले आणि माणसे-गुरे दक्षिणेकडे हाकलली गेली. याविरुद्ध मसाईंनी १९१३ मध्ये न्यायालयात दाद मागितली. निकाल असा लागला की, हे करार म्हणजे परकीय सत्तेशी केलेले तह आहेत, सबब न्यायालयाला त्यांत हात घालता येत नाही. ज्यांची जमीन घ्यावयाची त्यांना घेण्यापुरते सार्वभौम मानण्याची ही युक्ती साम्राज्यशाहीच्या कायदेपंडितांनाच सुचावी.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलले, पाण्याची दिशा फारशी बदलली नाही. किलिमांजारोच्या पायथ्याशी केनियाच्या हद्दीत आंबोसेलीच्या दलदली आहेत. पर्वतावर मुरलेले पाणी तेथे वर येते आणि घोर अवर्षणातही आटत नाही. मसाईंच्या कळपांचा तो शेवटचा आसरा होता. १९७४ मध्ये सुमारे ३९० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि मसाईंनी दलदली सोडाव्यात असे ठरले. त्या बदल्यात उद्यानाबाहेर नळाने पाणी नेऊन गुरांसाठी हौद बांधून देण्याचे आश्वासन होते आणि जागतिक बँकेच्या पैशातून ते काम झालेही. परंतु पंपाला लागणारे इंधन, सुटे भाग आणि ते चालविणारा माणूस यांची तरतूद कोणीच नीट केली नाही. काही वर्षांतच व्यवस्था कोलमडली आणि गुरे पुन्हा दलदलीकडे वळली. उद्यानाचे प्रवेशशुल्क भरणाऱ्या प्रवाशाला पाण्यात डुंबणारा हत्ती दिसला म्हणजे झाले. पाण्यासाठी चोरपावलांनी आलेला गुराखी मात्र तेथे कायद्याचा गुन्हेगार ठरू लागला.

याच पायथ्याशी लोइतोकितोकजवळ नोलतुरेश झरे आहेत. त्यांचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर वाहून मचाकोस आणि अथी रिव्हर या शहरांकडे व कारखान्यांकडे नेले जाते. जलवाहिनी मसाईंच्या रानांतून जाते. वाटेवरची माणसे ती फोडतात, बेकायदा जोडण्या घेतात, अशी तक्रार अधूनमधून होते. ज्यांच्या दारावरून पाणी वाहत जाते आणि ज्यांच्या मडक्यात पडत नाही, त्यांनी दुसरे काय करावे, हे तक्रार करणारे सांगत नाहीत.

तिसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. काजियाडो परगण्यातील मगादी हे सरोवर सोड्याचे आहे. त्याचे पाणी माणसाला किंवा गुराला पिता येत नाही. १९११ पासून तेथे सोडा काढला जातो. हा कारखाना चालविणारी ब्रिटिश कंपनी २००५ साली मुंबईच्या टाटा केमिकल्सने विकत घेण्याचे ठरविले आणि तेव्हापासून मगादीचा सोडा भारतीय भांडवलाच्या खाती जमा होऊ लागला. कारखान्याला आणि त्याच्या वसाहतीला गोडे पाणी लागते. ते न्गुरुमानच्या कड्यावरून नळाने येते. आसपासच्या मसाई वस्त्यांनाही कंपनी यातील काही पाणी देते, हे नमूद केलेच पाहिजे. पण भांडवलाला गरज पडली तेव्हा त्या तापलेल्या खोऱ्यात नळ आला, हेही त्यातून दिसते. खडक, अंतर आणि खर्च यांची अडचण तेव्हा कोणी सांगितली नाही. नळाच्या कडेच्या गावाला जे मिळते ते कंपनीच्या औदार्यातून मिळते. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतील ४३ व्या कलमाने स्वच्छ आणि पुरेशा पाण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. त्या हक्काची ही अंमलबजावणी म्हणता येणार नाही.

आता खुद्द गावातील व्यवस्थेकडे वळावयाचे तर आधी थोडे अंकगणित करावे लागेल. सहा माणसांच्या कुटुंबाला माणशी २० लीटर धरले तर दिवसाला १२० लीटर पाणी हवे. त्या कुटुंबाची ३० गुरे असतील तर त्यांना, प्रत्येकी २५ ते ३० लीटर धरून, साडेसातशे ते नऊशे लीटर लागेल, शेळ्यामेंढ्या वेगळ्याच. म्हणजे गुरांची तहान माणसांच्या सहा-सात पट. हातपंप तासाला हजार लीटरच्या आत-बाहेर पाणी देतो. शंभर कुटुंबांच्या गावातील माणसांचीच गरज १२ हजार लीटरची आहे, तेव्हा गुरांच्या वाट्याला पंपाखालचा चिखल येणार हे उघड आहे. तरीही ‘पिण्याच्या पाण्याच्या’ योजनेत गुरांचा हौद बसत नाही, कारण दात्याच्या खात्यात आरोग्य आणि पशुसंवर्धन ही दोन निरनिराळी शीर्षके असतात. मसाईच्या घरात ती एकच आहेत. गुरे तहानली की गुराखी पंपावर तुटून पडतो, पंप मोडतो, आणि मग अहवालात ‘स्थानिकांची बेफिकिरी’ असा शेरा पडतो.

याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. पावसाळी चराऊ रानात बारमाही पाण्याचा बोअर पाडला तर कळप तेथून हलत नाहीत आणि काही वर्षांत पंपाभोवतीची जमीन उघडी पडते. मसाईंची जुनी रीत यातूनच घडली होती. कोरड्या मोसमासाठी रान राखून ठेवावयाचे, विहिरीवर खणणाऱ्या कुळाचा अधिकार मानावयाचा, कळपांना पाण्यावर पाळीने सोडावयाचे. समाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये मांडले आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतून ते पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. एलिनॉर ऑस्ट्रमने १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, नियम बांधून समाईक साधने शतकानुशतके सांभाळणारे समाज जगभर आहेत. पाण्याच्या योजना आखणाऱ्यांनी मात्र बहुधा हार्डिनच वाचलेला असतो.

पाणी स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न स्वतंत्रपणे कठीण आहे. रिफ्ट खोऱ्यातील ज्वालामुखीय खडकांतून येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड फार असते. दात तपकिरी होतात आणि मात्रा जास्त असेल तर हाडे वाकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लीटरमागे दीड मिलिग्रॅमची आहे. टांझानियाला ग्रामीण भागासाठी दीर्घकाळ ८ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घ्यावे लागले, यावरून अडचणीची कल्पना यावी. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसविण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. ती टांझानियातही वापरून पाहिली गेली. पद्धत स्वस्त आहे, पण रोज मोजूनमापून ढवळण्याचे श्रम तिच्यात आहेत आणि ते श्रम पाणी आणणाऱ्या बाईच्याच माथी येतात. जंतूंच्या बाबतीत काजियाडोतच एक उद्बोधक प्रयोग झाला. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून ती दिवसभर छपरावर उन्हात ठेवावयाची, इतकाच उपाय. १९९७-९८ च्या पटकीच्या साथीत उन्हातले पाणी पिणाऱ्या सहा वर्षांखालील १५५ मुलांपैकी तिघांना पटकी झाली. बाटल्या घरात ठेवणाऱ्या १४४ मुलांपैकी २० जणांना झाली. निष्कर्ष आयर्लंडच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. फ्लोराइड या उपायाने जात नाही आणि गढूळ पाण्याला तो लागू पडत नाही. पण बाटलीला दुरुस्ती लागत नाही, हा तिचा गुण पंपापेक्षा मोठा आहे.

समाजवाद्यांना टांझानियाचा अनुभव टाळून पुढे जाता येणार नाही. १९६७ च्या अरुषा घोषणेनंतर न्येरेरे यांच्या शासनाने १९७१ मध्ये वीस वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. १९९१ पर्यंत प्रत्येक ग्रामस्थाला ४०० मीटरच्या आत शुद्ध पाणी मिळावयाचे होते, आणि तेही विनामूल्य. उद्दिष्ट थोर होते. ते गाठले गेले नाही. तेलाचे भाव १९७३ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये भडकले, युगांडाशी युद्ध झाले. हे सारे खरे. परंतु विहीर कोठे असावी, पंप कोणता असावा हे गावाला कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे. फिनलंडने एका भागात, डेन्मार्कने दुसऱ्या भागात अशी कामे वाटून घेतली, आणि एका प्रदेशातील पंपाचा भाग दुसरीकडे बसेना. लोकांच्या नावाने चाललेल्या राज्याने लोकांकडे पाना आणि किल्ली सोपविली नाही. जनतेचे पाणी खात्याचे पाणी झाले.

त्यानंतर हवा उलटी फिरली. वापरणाऱ्याने पैसे भरावेत, समितीने वसूल करावेत आणि त्यातून पंप चालावा, हा मंत्र १९९० नंतर कर्जाबरोबर आला. वरवर पाहता तो समंजस वाटतो. पण अवर्षणप्रवण पशुपालक मुलखात त्याचा हिशेब जुळत नाही. पाऊस चांगला झाला की डबकी भरतात आणि पंपावर कोणी येत नाही, वसुली शून्य. अवर्षणात पंप रात्रंदिवस चालतो, मोडतो, आणि नेमकी तेव्हाच गुरे मरत असतात किंवा मातीमोल किमतीला विकली जात असतात. २०२० पासून सलग पाच पावसाळे चुकले तेव्हा काजियाडोत हेच घडले. खर्च चढतो तेव्हाच उत्पन्न बुडते, अशा धंद्याला बाजारातील कोणताही सावकार उभे करणार नाही. मग तो भार गरिबांच्या समितीवर कसा टाकावयाचा? रोजची किरकोळ देखभाल आणि पाळीचे नियम गावाने पाहावेत. मोठी दुरुस्ती आणि अवर्षणातील इंधन यांचा खर्च परगण्याच्या अंदाजपत्रकात कायम शीर्षकाखाली असावा. केनियातच किटुई आणि क्वाले येथे अनेक गावांच्या पंपांसाठी एकच फिरते दुरुस्ती पथक ठेवण्याचा प्रयोग झाला. आठवडेच्या आठवडे बंद राहणारे पंप तेथे काही दिवसांत सुरू होऊ लागले.

पाळीचे नियम गावाने पाहावेत म्हणताना, गाव म्हणजे कोण, हेही विचारले पाहिजे. गुरांचे पाणी पुरुषांच्या अखत्यारीत असते, घरचे पाणी स्त्रिया आणतात, आणि समितीत बहुधा पुरुष बसतात. तेव्हा पंप सकाळी आधी कोणासाठी चालणार हे सांगावयास नको. स्त्रीच्या पाण्याचा खरा वाहक गाढव आहे, आणि त्यावरही जागतिक बाजाराची नजर पडली. चिनी औषधासाठी कातडे हवे म्हणून केनियात २०१६ पासून गाढवांचे कत्तलखाने निघाले, चोऱ्या सुरू झाल्या, आणि गाढव गेलेल्या घरातील बाईने वीस लीटरचा कॅन पुन्हा पाठीवर घेतला. केनियाने २०२० मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यांच्या व्यापारावर खंडव्यापी बंदीचा निर्णय घेतला. गाढवाचा उल्लेख पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात सापडणे विरळाच.

सर्वांत निकडीचा प्रश्न जमिनीच्या वाटपाचा आहे. १९६८ च्या कायद्याने मसाईंच्या समाईक रानांना गटमालकी मिळाली. १९८० च्या दशकापासून त्यांचे वैयक्तिक तुकडे पडू लागले. तुकडा विकला जातो, कुंपण पडते, आणि एखाद्या सकाळी झरा कुंपणाच्या आत गेलेला असतो. आंबोसेलीभोवतीच्या रानांची वाटणी अलीकडच्या वर्षांत चालू आहे. सामुदायिक जमिनीचा २०१६ चा कायदा हाताशी असताना, नकाशावर पाणवठा, हौद आणि तेथवर जाणारी गुरांची वाट सार्वजनिक म्हणून नोंदविली जाते की नाही, याकडे तेथील कार्यकर्त्यांना भूमापकाच्या साखळीच्या आधी पोचून लक्ष द्यावे लागेल. नोंद झाली नाही, तर पुढच्या दात्याला विहीर खोदण्यासाठी जागाही कोणाकडून तरी विकत घ्यावी लागेल.