आमवाताच्या रुग्णांच्या खांद्याची सोनोग्राफी उल्हासनगरातच व्हावी

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, ठाणे

विषय : उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आमवाताच्या रुग्णांसाठी खांद्याच्या सोनोग्राफीचा ठरावीक वार मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आमवाताचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहोत. बोटांची सूज डॉक्टरांच्या नजरेला पडते. खांद्याचा सांधा मात्र मांसाखाली खोल असतो, म्हणून ‘खांदा आखडलाय, शेक घ्या’ एवढ्यावर आमची बोळवण होते. आमच्यातली एक भगिनी उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवते. वर्षभर तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ब्लाउजची बाही मुलगी चढवून देई. एक्स-रे नॉर्मल आला होता. जवळच्या एका केंद्रात ‘खांद्याची सोनोग्राफी नसते’ असे सांगून तिला परत पाठवले. शेवटी मुंबईत तपासणी झाली, तेव्हा सांध्याच्या आवरणाला सूज आणि खांद्याचा एक स्नायुबंध फाटलेला निघाला.

एक्स-रेवर हाडाची झीज दिसते, तीही उशिरा. सोनोग्राफीत सांध्यातले पाणी, सुजलेले आवरण, फाटलेला स्नायुबंध हात हलवता हलवता पाहता येतो आणि किरणांचा धोकाही नसतो. पॉवर डॉप्लरवर सुजेतला रक्तप्रवाह रंगात दिसतो. खांदा खोल असल्याने रंग दिसला नाही म्हणजे आजार शांत आहे, असे मात्र नाही. म्हणूनच शिकलेला हात हवा. औषध वाढवायचे, सांध्यात इंजेक्शन द्यायचे की फिजिओथेरपी करायची, हे या तपासणीने ठरायला मदत होते.

या तपासणीसाठी मुंबई गाठायची, तर बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. या आजारात सांधे सर्वाधिक आखडतात ते सकाळी, आणि केसपेपरसाठी लोकल पकडावी लागते तीही सकाळीच. ज्याला हात वर नेता येत नाही, त्याने गर्दीत कडी कशी धरायची?

आमची मागणी मोठी नाही. मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातून एक वार ठरवावा. पॉवर डॉप्लर आणि वरवरच्या अवयवांसाठीचा लिनियर प्रोब असलेले यंत्र त्या दिवशी उपलब्ध ठेवावे. एका डॉक्टरांना सांध्यांच्या सोनोग्राफीचे प्रशिक्षण द्यावे; अंबरनाथला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचीही मदत घेता येईल. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम केला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्राची नोंदणी काटेकोर व्हावीच, पण त्या कागदांपायी ही सेवा महिनोन्‌महिने अडू नये.

कोणता वार ठरला, ते आम्हाला कृपया लेखी कळवावे.

आपले नम्र,
आमवाताचे रुग्ण व नातेवाईक,
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर