'भय्ये' हा शब्द आता पुरे

सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "अंधेरीत आता सगळे भय्येच." हा शब्द आपण टाकून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"भय्या, भेंडी कशी दिली?" या हाकेबद्दल तक्रार नाही. दादा, मावशी, काका अशा हाका आपण रस्त्यात कुणालाही मारतो. पण पाठीमागे, अनेकवचनात तोच शब्द आला की त्यात हेटाळणी येते. प्रतापगढचा अवधी बोलणारा भाजीवाला, आझमगढचा भोजपुरी बोलणारा रिक्षावाला, दरभंग्याचा मैथिली बोलणारा सुतार, सगळे एकाच गोणीत. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत वसलेल्या पंजाब्याला मात्र कुणी भय्या म्हणत नाही, आणि तोही उत्तरेचाच. म्हणजे हा शब्द नकाशा पाहून नाही, माणसाची मिळकत पाहून लावला जातो.

शहरातले म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली. तिथे पहाटे धारा काढणाऱ्यांत गंगेकाठच्या जिल्ह्यांतून आलेले, ज्यांना आपण 'भय्ये' म्हणतो असे, कितीतरी होते. बोरिवली-मालाडच्या मराठी घरांतली पोरं त्या दुधावर वाढली.

ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली. भरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत, ही तक्रार होती. ती रेल्वेकडे करायची होती. मार खाल्ला परीक्षेला आलेल्या पोरांनी. वर्षानुवर्षं घराघरांत चाललेल्या हेटाळणीनेच असा हात उगारणं सोपं होतं.

अशी हेटाळणी कशी बोचते, हे आपल्याला तरी कळायला हवं. 'घाटी' म्हटलेलं आपल्याला आजही झोंबतं. इंग्लंडात सत्तरच्या दशकात ज्यांना 'पाकी' म्हणून हिणवलं गेलं, ते कोल्हापूरचे की कराचीचे, हे कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी, हा आग्रह मी सोडणार नाही. पण ज्याला आपण तुच्छ लेखतो, तो आपली भाषा प्रेमाने का शिकेल? मराठी माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न असतो, "मूळ गाव कुठलं?" मालवणी, वऱ्हाडी, खानदेशी हा फरक आपण कौतुकाने करतो. यंदा घाटकोपरला, बोरिवलीला घरी जाल, तेव्हा भाजीवाल्यालाही त्याचं गाव विचारा. आणि मराठीतच विचारा.