दुसरी ‘एफआरपी’ आणि आपले हात



एफआरपी म्हटले की आपल्या कार्यक्षेत्रात उसाच्या दरापलीकडे दुसरे काही कोणाच्या मनात येत नाही. २००९ साली वैधानिक किमान भावाच्या जागी रास्त व किफायतशीर दर आला, आणि तेव्हापासून हा शब्द चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. परंतु याच नावाची दुसरी एक वस्तू आपल्या वस्त्यांवर केव्हाच मुक्कामाला आली आहे. काचेच्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून तयार होणारे हे प्लास्टिक; आपण त्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो. गोबरगॅसची तरंगती टाकी, पाण्याची टाकी, न्हाणीघराचे दार, ट्रॅक्टरचे छत, सगळीकडे ते दिसते. शेणाच्या रबडीत लोखंड गंजते, फायबर गंजत नाही. तेव्हा ते आले हे चांगलेच झाले. आमचे म्हणणे त्या वस्तूविषयी नाही, ती दुरुस्त करण्याच्या आपल्या रीतीविषयी आहे.

लागण-खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही ऊस विकास विभागाची माणसे वाडीवस्तीवर फिरत असतो. टाकीला चीर गेली की तालुक्याच्या गावाहून रेझिन, मॅट आणि हार्डनर आणायचे आणि गोठ्यातच काम उरकायचे, असा आता प्रघात पडला आहे. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, तोंडाला फार तर टॉवेल. काम संपले की थिनरने हात धुवायचे. टोकले तर उत्तर तयार असते, “काय होतंय त्याला? इतकी वर्षं करतोय की!” बेणे प्रक्रियेच्या वेळी हातमोजे घाला म्हणून आम्ही सांगतो, तेव्हाही हेच ऐकतो.

या उत्तरातच खरा धोका आहे. गाजरगवताचा अनुभव आपल्याकडे अनेकांना आहे. वर्षानुवर्षे उघड्या हाताने ते उपटणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी अचानक खाज सुटते, कातडी जाड होऊन भेगाळते, आणि मग त्या बांधावरून नुसते गेले तरी त्रास होतो. इपॉक्सी रेझिन आणि त्याच्या हार्डनरचे अगदी तसेच आहे. त्याचे वावडे पहिल्या दिवशी उठत नाही. महिन्यांनी उठेल, वर्षांनी उठेल. पण एकदा उठले की बहुधा जन्मभर राहते. पुढे थोडासा थेंबही पुरतो. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा काही प्रकृतीचा दाखला नव्हे. आणि आमच्या घरी इपॉक्सी नाही, असेही कोणी म्हणू नये. पाइपलाइनच्या गळतीवर आपण बोटांनी मळून लावतो ते एम-सील इपॉक्सीच आहे.

टाकीच्या कामाला बहुतेक वेळा स्वस्तातले पॉलिस्टर रेझिन वापरतात. त्याचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. त्याने डोके जड होते, डोळे चुरचुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. टॉवेलने किंवा धुळीच्या साध्या मास्कने ही वाफ अडत नाही. त्याला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. तो नसेल तर निदान काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा आडवा घेऊन करावे. वाऱ्याकडे पाठ केली की वाफ तोंडासमोर घोटाळत राहते.

पॉलिस्टरचा हार्डनर हे पाण्यासारखे दिसणारे द्रव्य सर्वांत घातकी. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास दवाखान्याची वाट धरण्याआधी निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा, मग डॉक्टर गाठावा. दुकानातून जांभळे कोबाल्ट वेगळ्या बाटलीत मिळाले असेल, तर ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पुरते ढवळावे, हार्डनर अगदी शेवटी. आणि ही बाटली सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून फडताळात ठेवू नये. घरात लेकरे असतात.

इपॉक्सीचे प्रमाण मात्र डब्यावर लिहिले असेल तेच. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर काम कच्चे राहते आणि उरलेला हार्डनर कातडीला बाधतो. एकदम मोठा डबाभर कालवू नये. तो आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडू लागतो. लागेल तेवढेच कालवावे आणि पसरट भांड्यात घ्यावे.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. कापडी मोजे रेझिन शोषून ते कातडीलाच धरून ठेवतात, ते नसलेले बरे. हाताला लागलेच तर कोरड्या फडक्याने पुसून साबण-पाण्याने धुवावे. थिनरने कातडीचे तेल निघून जाते आणि रेझिनला आत शिरायला वाट मिळते. घासकाम करताना चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क हवाच; पाणी मारून हाताने घासले तर धूळ पुष्कळ कमी उडते. कामाचे कपडे निराळे धुवावेत. नाहीतर काम करतो घरधनी आणि खाजवत बसते सगळे घर.

गोबरगॅसच्या टाकीबाबत एक जास्तीची दक्षता. टाकी खड्ड्यावरून काढून, लांब नेऊन, आतला गॅस पूर्ण जाऊ द्यावा. जवळ विडी-काडी नको. आणि कोणत्याही कारणाने त्या खड्ड्यात उतरू नये. खाली पडलेला पाना माणसाच्या जिवापेक्षा महाग नाही.

आता आमचे मुख्य सांगणे. ही काळजी कामगाराच्या मर्जीवर सोडून भागत नाही, ती खर्चात धरली पाहिजे. शेतकरी टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब करतो तेव्हा रेझिन, मॅट, मजुरी लिहितो. त्याच कागदावर हातमोजे, चष्मा आणि मास्क लिहावा. मोज्यांच्या जोडीला चहाच्या एक-दोन कपांचा खर्च येतो. बंद हंगामात कारखान्यांतून टाक्यांना आतून इपॉक्सीचा लेप देण्याची कामे निघतात, तिथेही हाच न्याय असावा. बंद टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासल्याचा लेखी दाखला, अथवा श्वसनाचे साधन आणि कमरेला दोर व त्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३६ ने घातली होती. टेंडरमध्ये या साधनांची ओळ स्वतंत्र असावी, म्हणजे कमी दराच्या चढाओढीत सर्वप्रथम तीच कापली जाणार नाही. टाकीत उतरणारे पोर परक्याचे नसते. पुष्कळदा ते आपल्याच एखाद्या सभासदाचे, नुकतेच आयटीआय होऊन आलेले असते. हाताला वावडे उठले तर त्याचा धंदाच बुडाला.

उसाच्या एफआरपीचा एक रुपया कमी पडला तर आपण रस्त्यावर येतो, आणि ते रास्तच आहे. या दुसऱ्या एफआरपीच्या कामात चार पैसे जास्त गेले तर कुरकुर करू नये, एवढीच विनंती.