जुन्या पत्त्याची जबाबदारी

पेढी नव्या जागेत हलवली की जुन्या दारावर तसा फलक लावण्याची रीत आपल्या बाजारपेठांत रूढ आहे. फलक नसेल, तर सवयीने आलेला ग्राहक शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलतानाही हेच कर्तव्य पार पाडावे लागते. त्याला ‘रीडायरेक्ट’ म्हणतात.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर नेण्यास सांगितले. बनावट संकेतस्थळांपासून ग्राहकांचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू. परंतु ग्राहकांच्या बोटांना सवय जुन्याच पत्त्याची. त्यांना नव्या ठिकाणी पोहोचवण्याचे काम रीडायरेक्ट करतो.

त्याची रीत सोपी आहे. जुना पत्ता मागितला गेला की सर्व्हर पान न देता एक क्रमांक आणि नवा पत्ता कळवतो व ब्राउझर तत्काळ तिकडे वळतो. ३०१ हा क्रमांक कायमच्या स्थलांतराचा, ३०२ तात्पुरत्या. ३०१ मिळाल्यास शोधयंत्रे जुन्या पानाचा लौकिक नव्या पानाकडे जमा करतात. मात्र ब्राउझर ३०१ स्मरणात ठेवतो, म्हणून चुकीचा पत्ता दिला गेल्यास तो निस्तरणे कठीण होते. यास्तव प्रथम ३०२ लावून पडताळा घ्यावा, मगच ३०१ करावा.

अपाची सर्व्हरवर ‘.एचटीॲक्सेस’ या फाइलमध्ये प्रत्येक पानासाठी एक ओळ लिहिता येते: ‘रीडायरेक्ट ३०१’, पुढे जुन्या पानाचा मार्ग, पुढे नव्याचा पूर्ण पत्ता. साड्यांचे पान साड्यांच्याच पानाकडे वळवावे. सर्वांना सरसकट मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे गिऱ्हाइकाला दारातच उभे करणे होय. तसेच एका पत्त्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अशी साखळी होऊ देऊ नये. प्रत्येक जुना पत्ता थेट अंतिम पत्त्याशी जोडावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नूतनीकरणाची. वर्षाचे शुल्क वाचवण्यासाठी जुने नाव सोडून दिले, तर काही काळाने ते कोणीही विकत घेऊ शकतो. त्या नावाचे ई-मेलही मग त्याच्याच हाती जातात. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम पुढील खात्यात भरावी,’ असे पत्र तुमच्याच जुन्या पत्त्यावरून तुमच्या व्यापाऱ्यांना गेले, तर त्यांनी संशय का घ्यावा? पैसे त्यांचे जातील, पत तुमची जाईल.

छापील बिले, भेटकार्डे आणि क्यूआर कोड यांवर जुना पत्ता वर्षानुवर्षे फिरत राहतो. म्हणून रीडायरेक्ट किमान एक वर्ष, शक्य तर त्याहून अधिक काळ चालू ठेवावा आणि ते नाव आपल्याच ताब्यात राहू द्यावे. नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी नोंदवावी, आणि नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावे नसून पेढीच्याच नावे आहे, याची आजच खातरजमा करावी.