फॉर्मला समास हवा

चर्चच्या कचेरीतले अर्ज संगणकावर भरून मेलने पाठवायची सोय होऊ लागली आहे, ही चांगलीच गोष्ट. मी देवळाचा माणूस, चर्चचा नव्हे. पण गोव्यात शेजारधर्म म्हणून हे कागद आपल्याही हातात येतात. आमच्या वाड्यावर कुणाचे लग्न ठरले, की माझ्याकडे प्रिंटर आहे म्हणून एक खेप असतेच. ते अर्ज भरता भरता माझे एक मत झाले आहे. या फॉर्मांना समास नाही.

समास म्हणजे काय ते सांगतो. बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद एकदा लिहून संपत नाही. माणसाचे लग्न झाले की तेही त्याच नोंदीशेजारी लिहावे, असे १९०७ साली रोमने फर्मावले. १९८३ च्या चर्च कायद्याचे ५३५ वे कलम दृढीकरण, विवाह, दत्तक, पुरोहितदीक्षा हे सगळे तिथेच टिपायला सांगते. मुलगा कुवेतला लग्न करो की लंडनला, तिथला पाद्री सासष्टीतल्या विगाराला कळवतो आणि समासात एक ओळ वाढते. म्हणूनच लग्न ठरल्यावर पेटीत जपलेला जुना दाखला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला ताजा मागतात. लोक कुरकुरतात. पण जुना दाखला नुसत्या बाप्तिस्म्याची हकीकत सांगतो, ताजा आजवरची. मला तर या व्यवस्थेचा हेवा वाटतो. आपल्या देवळांच्या महाजनांच्या यादीत इतके काटेकोर काम कोण करतो?

असा ताजा दाखला मागायला फॉर्म उत्तम. आखातातल्या माणसाने त्यासाठी भावाला कचेरीत चार हेलपाटे घालायला लावावेत, त्यापेक्षा हे बरे. सही-शिक्का शेवटी कागदावरच लागतो, तो लागू दे.

अडते ते रकान्यांत. मूळ नोंद पोर्तुगीज. कॉन्सेसांव, जुआंव या नावांत स्वरावर लाट असते, कुठे 'सी'ला खाली शेपटी असते. फॉर्म म्हणतो, साधी इंग्रजी अक्षरेच चालतील. देवनागरीचे तर नावच नको, जोडाक्षरे फुटून पडतात. हे क्षुल्लक वाटेल, पण १९४६ च्या पोर्तुगीज हुकमाप्रमाणे आपल्याकडे चर्चमधल्या लग्नाचा उतारा सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातो, आणि तिथे चुकीचे अक्षर सरकारी होऊन बसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनला करायला निघालेल्या नातवांना विचारा, एकेका अक्षराने किती दमवले ते.

पण माझा खरा राग आहे तो लाल चांदणीवर. गेल्या वर्षी एक बाई मुलाच्या बाप्तिस्म्याचा अर्ज भरायला आल्या. 'वडिलांचे नाव' या रकान्यापुढे ती चांदणी, आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. बाई हळूच म्हणाल्या, "कितें तरी घाल रे, बाबा." काहीतरी म्हणजे काय घालायचे? एक खोटे नाव? एक रेघ?

गंमत अशी, की चर्चचा कायदा या बाबतीत फॉर्मपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. ८७७ वे कलम सांगते, की आई अविवाहित असेल तर वडिलांचे नाव सरकारी दस्तऐवज असेल तरच, किंवा त्याने स्वतः विगार आणि दोन साक्षीदारांपुढे कबूल केले तरच लिहावे. नाहीतर ती जागा मोकळी. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला, मुलाच्या वडिलांचे नाव उघड न करता, पालकत्व मागता येते असा निर्णय दिला. ती अर्जदार बाई ख्रिश्चनच होती. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टलाही आईवडिलांपैकी एकाचे नाव पुरते. रोमला चालते, दिल्लीला चालते, आणि आमच्या गावच्या एका फॉर्मला चालत नाही! तो फॉर्म काही विगाराने बनवलेला नसणार. कुणा उत्साही मुलाने कुठल्यातरी शाळेच्या प्रवेशअर्जावरून उचलला असेल.

कोऱ्या कागदावर हाताने अर्ज लिहून दिला. कचेरीत तो कुणी परत केला नाही, एवढे सांगायलाच हवे.

करायचे तसे थोडेच आहे. ती चांदणी काढावी. नावापुढे 'मूळ नोंदीप्रमाणे' आणि 'आताच्या कागदांप्रमाणे' असे दोन रकाने ठेवावेत. आणि खाली 'शेरा' म्हणून चार ओळींची मोकळी जागा, जिथे माणसाला आपली अडचण कोकणीत, मराठीत, रोमीत, हवी तशी लिहिता येईल.

देवळांच्या समित्यांनीही हे ऐकून ठेवावे. आता अभिषेकाची पावती नेटवर फाडायला गेले की गोत्राच्या रकान्यापुढे तीच लाल चांदणी दिसू लागली आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा, असे आपले भटजी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. फॉर्म बनवणाऱ्याने निदान त्यांना तरी विचारायचे होते.