बंदी नको, अट घाला

पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्याला एजंट तीन गोष्टी हमखास विचारतो: फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आणि पेट आहे का? तिसऱ्याला ‘हो’ म्हटलं की फोन आटोपता होतो. ‘मालकांना चालत नाही,’ यापलीकडे कारण मिळत नाही.

मालकांचा पहिला मुद्दा असा की घर त्यांचं, तेव्हा मर्जीही त्यांचीच. हे खोडून काढता येत नाही, आणि प्राणीप्रेमींनी तो खटाटोप करूही नये. ते भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना मालकापुढे नाचवतात. पण त्या सूचनांचा रोख सोसायटीवर आहे: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. घरमालकाने स्वतःच्या करारात काय लिहावं, हा वेगळा प्रश्न. घटनेच्या अनुच्छेद ५१क मधलं भूतदयेचं कर्तव्य दाखवूनही अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार वाढवून मिळत नाही. मुदत संपली की मालकाला कारण द्यावं लागत नाही. ठाण मांडून बसलात, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणून ‘लपवून ठेवा, नंतर बघू’ हा मित्रमंडळींचा सल्ला मला मुळीच पटत नाही. मांजर एक वेळ लपेल. कुत्रा कसा लपणार? मालक भाडं वाढवायला आला की कुत्र्याला मावशीकडे पाठवायचं, वॉचमनला चहापाणी द्यायचं, आणि एक दिवस शेजारच्या काकू सहज बोलून जातात. मग मालक म्हणतो, ‘बघा, म्हणूनच मी पेटवाल्यांना घर देत नाही.’ त्याचं पुढच्या भाडेकरूबद्दलचं मतही तिथेच पक्कं होतं. शिवाय घाईत घर सोडावं लागलं की जनावर रस्त्यावर येतं. जनावराला उपाशी-तहानेलं राहावं लागेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६०च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार?

पण मर्जी मालकाची असली, तरी तिच्यामागची कारणं तपासायला हरकत नसावी. ‘घर खराब होतं’ हे त्यातलं लाडकं कारण. भिंतीवर खडू ओढणारं पोर चालतं, टीव्हीसाठी भिंतीला भोकं पाडणारा चालतो. त्यांच्यासाठी डिपॉझिट असतं. मग दाराची चौकट कुरतडणाऱ्या कुत्र्यालाच ते का पुरू नये? केस आणि वास साफसफाईने जातात. खरा आक्षेप भुंकण्याचा. दोघंही सकाळी ऑफिसला गेले आणि कुत्रा रात्रीपर्यंत एकटा कोंडलेला असला, तर तो भुंकणारच, आणि तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते. ही माणसाची कसूर. तिला बांधणारी अट घालता येते.

फ्रान्सने १९७०च्या कायद्याने भाडेकरारातली प्राणीबंदीची अटच निरर्थक ठरवली. प्राण्याने केलेल्या नुकसानीची आणि शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाची जबाबदारी मात्र पाळणाऱ्यावर ठेवली. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत हातात करारच आहे. पहिल्याच फोनवर खरं सांगावं. करारात प्राण्याचा उल्लेख करून घ्यावा. रेबीजच्या लशीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना सोबत जोडावा, थोडं जास्त डिपॉझिट देऊ करावं, मांजर असेल तर खिडक्यांना जाळी स्वखर्चाने बसवावी. कुत्रा दिवसभर एकटा राहणार नाही हेही लिहून द्यावं. एवढं करूनही काही मालक नाहीच म्हणतील; तिथे हुज्जत न घालता दुसरं घर बघावं. जो हो म्हणेल, त्याच्यासोबत चावी घेण्याआधी भिंती, दारं आणि फरशीचे फोटो काढावेत. म्हणजे बाथरूमच्या गळतीचे जुने डाग कुत्र्याच्या नावावर खपवता येणार नाहीत.